दुरुस्ती किती वेळा?

नवी मोटार घेणाऱ्याच्या हाती किल्लीबरोबर जी पुस्तिका पडते, तिच्यात हमीचे एक कलम हटकून असते. ठरावीक मुदतीत एखाद्या भागात साहित्याचा वा बनावटीचा दोष आढळल्यास तो भाग विनामूल्य दुरुस्त करून अथवा बदलून दिला जाईल, अशा आशयाचे ते कलम वाचून ग्राहकाला हायसे वाटते. वाक्य सरळ असते, भाषा सभ्य असते. मात्र दुरुस्ती किती वेळा, हे त्यात कोठेही सांगितलेले नसते. पहिल्या खेपेस दोष गेला नाही तर दुसरी खेप, दुसऱ्या खेपेस गेला नाही तर तिसरी, हे ओघानेच आले. पण सातव्या-आठव्या खेपेस काय? या प्रश्नाला पुस्तिकेत उत्तर नाही, विक्रेत्यापाशी नाही, आणि नवलाची गोष्ट अशी की आपल्या कायद्यातही नाही.

रोह्याला लागून असलेल्या आमच्या वरसे गावात हा प्रश्न गेले वर्ष-दीड वर्ष एका गाडीच्या निमित्ताने चर्चिला जात आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाने कर्ज काढून स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारांची, ठेंगणी, जमिनीला जवळजवळ टेकलेली. कोकणातल्या पावसाळी रस्त्यांवर अशी गाडी घेणे शहाणपणाचे होते की नाही, यावर गावात दोन तट पडले आणि वडीलधाऱ्यांनी आपला निकाल केव्हाच देऊन टाकला. पण हौसेच्या वस्तूसाठी मोजलेले पैसेही खरेच असतात. तिसऱ्याच महिन्यात गाडी संथ रहदारीत हिसके देऊ लागली, मध्येच गिअर सुटू लागला, समोरच्या फलकावर तांबडा दिवा पेटू लागला. तेव्हापासून चौदा महिन्यांत ती सात वेळा विक्रेत्याच्या कार्यशाळेत जाऊन आली आहे.

ही कार्यशाळा गावाबाहेरच्या वळणावर नाही. भिसे खिंड ओलांडून नागोठणे, तेथून वडखळ, पेण आणि मग पनवेलच्याही पुढे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या टप्प्याच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि एका तपाहून अधिक काळ रेंगाळले, हे या भागातील प्रवाशाला निराळे सांगावयास नको. अशा रस्त्याने गाडी पोहोचवायला एक रजा, परत आणायला दुसरी. दोनदा तर ती चालण्याच्या स्थितीतच नव्हती. सपाट हौद्याच्या ट्रकवर चढवून न्यावी लागली आणि ठेंगणी असल्यामुळे चढवताना पुढचा भाग घासला, त्याचा खर्च हमीत बसत नाही असे सांगण्यात आले. बँकेचा हप्ता मात्र या सर्व काळात महिन्याच्या पाच तारखेला बिनचूक कापला जात होता.

सातही जॉबकार्डे मी वाचली आहेत. पहिल्यावर ‘सॉफ्टवेअर अद्ययावत केले’ अशी नोंद आहे, दुसऱ्यावर पुन्हा तीच. तिसऱ्या खेपेस क्लच बदलला. चौथ्या खेपेस वायरिंगचे जोड साफ केले. पाचव्या आणि सहाव्या खेपेस ‘तपासणीत दोष आढळला नाही’. सातव्या खेपेस पुन्हा सॉफ्टवेअर! रोग रेड्याला आणि डाग पखालीला ही म्हण आपण उगाच वापरत नाही.

येथे थोडे यंत्राविषयी सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून ‘दोष आढळला नाही’ या शब्दांतील खोच कळणार नाही. आजच्या अनेक वेगवान गाड्यांत दोन क्लच असलेली स्वयंचलित गिअरपेटी असते. एक क्लच विषम क्रमांकाचे गिअर सांभाळतो, दुसरा सम क्रमांकाचे; कोणता केव्हा धरायचा व केव्हा सोडायचा हे संगणक ठरवतो. मोकळ्या रस्त्यावर ही रचना डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गिअर बदलते. रांगणाऱ्या रहदारीत मात्र क्लच सतत अर्धवट घासत राहतो, तापतो आणि गाडी हिसके देते. आता कार्यशाळेतील कारागीर गाडी बाहेर काढतो ती सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर, थंड असताना, दहा मिनिटांसाठी. त्या दहा मिनिटांत हिसका बसला नाही तर दोष नाही. संगणकाच्या स्मृतीत दोषाचा संकेतांक उमटलेला नसेल तर मग प्रश्नच मिटला. ताप दवाखान्याच्या दारात उतरतो आणि डॉक्टर रोग्यालाच खोटे ठरवतो, तसा हा प्रकार होय. अधूनमधून उद्भवणारा दोष हा यंत्रशास्त्रातील सर्वांत चिवट दोष असतो, हे कोणताही अनुभवी फोरमन मान्य करील. पण जॉबकार्डावर ते लिहिण्याची सोय नसते.

विक्रेत्याला खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे आणि ते अर्धवट सत्य ठरेल. हमीखालील कामाचे पैसे विक्रेत्याला ग्राहकाकडून मिळत नाहीत. ते उत्पादक देतो आणि तेही अमुक कामाला अमुक इतका वेळ असा आधी ठरलेला हिशेब लावून. दोष शोधण्यात दोन दिवस घालवले तर ते बहुधा पदरचेच. शिवाय गिअरपेटीसारखा महाग भाग बदलायचा तर उत्पादकाची आधी मंजुरी लागते. तेव्हा स्वस्तातला उपाय प्रथम, मग त्याहून थोडा महाग, मग पुन्हा स्वस्तातला, अशी ही उतरंड लागते. प्रत्येक पायरीवरचा माणूस आपल्यापुरता वाजवी वागत असतो आणि या सर्वांच्या वाजवीपणाची बेरीज ग्राहकाच्या सात खेपांइतकी होते.

एखादा शिक्षक वा कारकून येथे विचारील की, स्पोर्ट्स कारवाल्याच्या दुःखाशी आमचा संबंध काय? संबंध असा की, त्याच्या गाडीला लागू पडणारा कायदाच आपल्या स्कूटरला, शीतकपाटाला आणि मुलासाठी हप्त्यावर घेतलेल्या संगणकाला लागू पडतो. किंबहुना महागड्या मोटारींच्या मालकांनीच न्यायालयात दीर्घकाळ भांडण्याची ऐपत दाखवल्यामुळे या विषयावरील बरेचसे निर्णय त्यांच्या प्रकरणांत झाले आहेत. त्या निर्णयांतून काय निष्पन्न झाले, हे पाहणे म्हणूनच आपल्याही हिताचे आहे.

मुळाशी आहे तो १९३० चा वस्तुविक्री अधिनियम. या कायद्याने विक्रीच्या करारातील अटींचे दोन वर्ग पाडले. एक मूलभूत शर्त. ती मोडली तर खरेदीदार माल नाकारू शकतो. दुसरी ती ‘वॉरंटी’, म्हणजे दुय्यम अभिवचन. ते मोडले तर फक्त नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. ज्या शब्दाच्या भरवशावर आपण निश्चिंत होतो, तो शब्दच कायद्याच्या कोशात दुबळ्या वचनासाठी वापरलेला आहे! जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेली तीन वर्षांची वॉरंटी पाहून सुखावणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

१९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने ही कोंडी काहीशी फोडली. दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे आणि भरपाई देणे, असे आदेश देण्याचे अधिकार ग्राहक मंचांना मिळाले. परंतु यांपैकी कोणता आदेश केव्हा द्यावयाचा याची मोजपट्टी संसदेने दिली नाही; ती प्रत्येक प्रकरणातील परिस्थितीवर सोडली. परिणामी २००६ साली मारुतीच्या एका मोटारीच्या क्लचसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला. हमीपत्रात सदोष भाग दुरुस्त करण्याचे वा बदलण्याचे वचन आहे, संपूर्ण वाहन बदलण्याचे नाही, हे त्यामागील तर्कशास्त्र. शब्दांना धरून पाहिले तर ते बरोबर आहे. पण हमीपत्र लिहितो कोण? ग्राहकाला त्यातील एक स्वल्पविराम तरी हलवता येतो काय? २०१० साली फियाटच्या एका गाडीबाबत याच न्यायालयाने अधिक व्यवहारी मार्ग दाखवला. गाडी स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी आणि तिच्यात मूळचाच निर्मितीदोष असल्याचे निघाल्यास ग्राहकाला पैसे परत मिळावेत, असे ठरले. दुरुस्ती करणाऱ्यानेच दुरुस्तीचा दाखला देऊ नये, हे यातील मर्म आहे आणि माझ्या मते या विषयावरील सर्वांत मोलाचा विचार तोच होय.

यानंतरची दोन प्रकरणे वेळेच्या हिशेबासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहेत. हैदराबादच्या एका कंपनीने २५ सप्टेंबर २००९ रोजी बीएमडब्ल्यूची मोटार घेतली. चारच दिवसांनी तीत गंभीर बिघाड झाला, गाडी कार्यशाळेत गेली, आणि नोव्हेंबरात तोच बिघाड पुन्हा उद्भवला. खरेदीदाराने पोलिसांत फसवणुकीची फिर्याद दिली. २०१२ साली उच्च न्यायालयाने फिर्याद रद्द करताना नवी गाडी देण्यास सांगितले. उत्पादकाने तयारी दर्शविली, पण खरेदीदाराला आता गाडी नको होती, पैसे हवे होते. अखेर १० जुलै २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ५० लाख रुपये देऊन प्रकरण मिटवण्याचा आदेश दिला. म्हणजे चार दिवस चाललेल्या गाडीसाठी जवळजवळ पंधरा वर्षे! त्याच्या आदल्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने मर्सिडीझ गाड्यांचा एक जुना वाद निकालात काढला. आसनांमधील उंचवटा अतोनात तापतो ही त्यातील एक तक्रार होती. राष्ट्रीय आयोगाचा आदेश २००७ चा, अंतिम निकाल २०२४ चा. दोन्ही प्रकरणांत तक्रारदार मोठ्या कंपन्या होत्या. वकिलांची फी कंपनीच्या खर्चखात्यात टाकणे त्यांना शक्य होते. वरसे येथील पगारदाराने हे कोठून करावे?

शेजारच्या गोव्यातील एका खटल्याने तर ग्राहकाची आणखी एक वाट अरुंद केली. ग्राहकाने २०११ सालची नवी टाटा मोटार म्हणून पैसे भरले. हाती आली ती २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली. ग्राहक मंचांनी विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही जबाबदार धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्पादकाला मुक्त केले. उत्पादक आणि विक्रेता यांचे नाते धनी आणि मुनीम यांचे नाही, ते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे आहे. विक्रेत्याची लबाडी उत्पादकाला ठाऊक होती असे सिद्ध केल्याशिवाय त्याला बांधता येत नाही, असा हा निर्णय. त्या प्रकरणातील दोष विक्रीतला होता, बनावटीचा नव्हता, हे खरे. पण दुरुस्तीच्या बाबतीत याचे जे प्रतिबिंब ग्राहकाच्या वाट्याला रोज येते, ते असे: विक्रेता म्हणतो, गाडी आम्ही बनवली नाही, उत्पादक म्हणतो, गाडी आम्ही विकली नाही. फलकावर, गणवेशावर आणि पावतीवर मात्र एकच बोधचिन्ह असते.

याच विक्रेत्याच्या दारी ग्राहकाला बांधून कोण ठेवतो? बाहेरच्या गॅरेजात हात लावू दिलात तर हमी संपली, ही धमकी आपल्या परिचयाची आहे. रोह्यात उत्तम मिस्त्री आहेत. पण त्यांना सुटे भाग मिळत नाहीत आणि संगणकात डोकावण्याचे उपकरणही मिळत नाही. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार उत्पादकांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो सुटे भाग व तांत्रिक माहिती अधिकृत विक्रेत्यांच्या कुंपणाआड ठेवल्याबद्दलच. पुढे अपिले झाली, वर्षे गेली. केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. खेड्यातील मिस्त्रीच्या हाती ते उपकरण आले की नाही, यावर या साऱ्याचे यश मोजावे लागेल.

परदेशात या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देण्यात आले आहे. अमेरिकेत वारंवार बिघडणाऱ्या मोटारीला ‘लिंबू’ म्हणतात. (आपण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडून तिला दृष्ट लागू नये अशी व्यवस्था करतो, तेथे खुद्द गाडीच लिंबू निघते.) कनेक्टिकट राज्याने १९८२ साली या ‘लिंबां’साठी पहिला कायदा केला. एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्तीचे प्रयत्न फसले, किंवा गाडी एकूण तीस दिवस कार्यशाळेत पडून राहिली, तर दुरुस्तीची वाजवी संधी देऊन झाली असे मानावयाचे आणि गाडी बदलून वा पैसे परत मागावयाचे. हळूहळू सर्व राज्यांनी असे कायदे केले. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने तर आणखी कडक माप लावले: पहिल्या तीस दिवसांत दोष निघाल्यास माल थेट नाकारता येतो, त्यानंतर दुरुस्तीची एकच संधी, ती फसली की ग्राहक माल परत करू शकतो. सिंगापूरमध्ये २०१२ पासून, पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे गृहीत धरतात; तो नव्हता हे सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर. यांपैकी कोणता आकडा आपल्याला मानवेल यावर वाद होऊ शकतो. आकडाच नसावा, या स्थितीचे समर्थन मात्र मला कोठे वाचावयास मिळालेले नाही.

आपल्याकडे २०१९ साली नवा ग्राहक संरक्षण अधिनियम आला आणि जुलै २०२० मध्ये अमलात आला. ‘उत्पादन दायित्व’ हे स्वतंत्र प्रकरण त्यात घातल्याचा मोठा गाजावाजा झाला. पण व्याख्या बारकाईने वाचावी. या प्रकरणातील ‘हानी’ या शब्दातून खुद्द त्या वस्तूचे झालेले नुकसान वगळले आहे, निव्वळ आर्थिक तोटाही वगळला आहे. सदोष गाडीने कोणाचा हात मोडला तर हे प्रकरण धावून येईल. गाडी नुसती उभी राहिली तर येणार नाही. सात वेळा बिघडलेल्या गाडीच्या मालकाने तेव्हा पुन्हा जुन्याच वाटेने, ‘दोष’ सिद्ध करीत जावयाचे. त्यासाठी आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि अहवालासाठी ४५ दिवसांची मुदत आहे. पण तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराकडून भरून घेता येते. पुण्यात १९६६ पासून वाहन संशोधनाची एआरएआय ही मान्यवर संस्था आहे, आमच्याच जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. अशा संस्थांच्या यंत्र अभियांत्रिकी विभागांकडे ठरल्या दराने, ठरल्या दिवसांत गाड्या तपासण्याचे काम सोपवले तर जिल्हा आयोगाला स्वतंत्र तज्ज्ञ शोधत बसावे लागणार नाही. फियाटच्या प्रकरणात जे अपवाद म्हणून झाले ते नेहमीचे व्हावे, एवढेच मागणे आहे.

त्याच्या जोडीला कायद्यात आकडा यावा. एकाच तक्रारीसाठी तीन फसलेल्या खेपा किंवा तीस दिवस, असा तो असावा असे मला वाटते. चार म्हणणाऱ्याशी मी भांडणार नाही. तो आकडा ओलांडला की दोष नसल्याचे सिद्ध करण्याचा भार उत्पादकावर जावा. गाडी कार्यशाळेत असेल तितके दिवस हमीची मुदत थांबलेली असावी. आज ती गाडीबरोबरच तेथे उभी राहून झिजते. आणि जॉबकार्डावर ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहिली जावी. ‘संथ रहदारीत गाडी हिसके देते’ या वाक्याचे ‘सर्वसाधारण तपासणी’ असे रूपांतर होते, तेथेच पुढचा निम्मा खटला हरलेला असतो. आणखी एक. आकडा आल्यास खोट्या तक्रारींचे पेव फुटेल अशी भीती उद्योगाकडून घातली जाईल. स्वतंत्र तज्ज्ञ मध्ये असेल तर ती भीती निराधार ठरते. महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीचे काम १९७४-७५ मध्ये, म्हणजे कायद्याच्या एक तप आधी, पुण्या-मुंबईत सुरू झाले होते. या मागणीचा आरंभ येथूनच व्हावा हे त्या परंपरेला धरून होईल.

कायदा बदलेपर्यंत जे हाती आहे ते वापरले पाहिजे. २०१९ च्या कायद्याने एक सोय निःसंशय चांगली केली: उत्पादकाचे कार्यालय कोठेही असो, ग्राहक जेथे राहतो वा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. वरसे, रोहे वा पेण येथील माणसाला त्यासाठी अलिबाग पुरे. दिल्ली-मुंबई गाठण्याचे कारण नाही. मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगापुढे चालते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क लागत नाही. वकील सक्तीचा नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे. ‘आणखी एकदा आणून बघा’ असे विक्रेता गोड शब्दांत सांगत असतो तेव्हा ही दोन वर्षे सरकत असतात. प्रत्येक खेपेची पावती, गाडी दिल्याची व परत मिळाल्याची तारीख, किलोमीटरचा आकडा, ट्रकभाड्याची पावती आणि रजेचा अर्ज, हे सारे तारीखवार लावून ठेवावे. आणि तिसरी खेप फसली की उत्पादकाला पोचपावतीसह नोटीस पाठवावी, चौथ्या खेपेची वाट पाहू नये.